जुनी बॉक्सटर: सेल मारल्यावर ब्लोअर बंद, चावी अर्ध्यातच अडकलेली – इग्निशन स्विच कसा ओळखावा, कसा बदलावा

हे पोर्शेच्या ९८६ म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्सटरसाठी आणि तिच्या थोरल्या भावासाठी, ९९६ पिढीच्या ९११ साठी आहे. १९९६ ते २००४-०५ या काळातल्या या गाड्या आता वीस ते तीस वर्षांच्या झाल्या. जुन्या बाजारात त्या स्वस्त मिळतात, म्हणून जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या दारातही दिसू लागल्यात. ९४४, ९२८ किंवा ९९६ च्या आधीच्या पिढ्यांची ९११ असेल तर इथलं निदान थोडंफार लागू पडेल, उघडायची पद्धत मात्र वेगळी. त्यांच्यावर हे वाचून स्क्रू ड्रायव्हर चालवू नका.

तक्रार साधारण अशी येते. सेल मारला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, आवाजही छान. पण ब्लोअर फिरत नाही, एसी लागत नाही, कधी रेडिओ मुका, कधी वायपर ढिम्म. चार सिग्नल पुढे गेल्यावर सगळं आपोआप सुरू होतं. मग दोन आठवडे काही नाही, आणि एका गरम दुपारी पुन्हा तेच. गाडी गॅरेजमध्ये नेली की हमखास नीट वागते. फिटर म्हणतो ब्लोअरची मोटर गेली, दुसरा म्हणतो रिले, तिसरा संगणक जोडून एबीएसचा एक जुना कोड काढून दाखवतो. पैसे जातात, तक्रार राहते.

असं झालं की एकच करून बघा. इंजिन चालू असताना, गाडी उभी ठेवून, चावीला बोटाने अगदी हलकं, स्टार्टच्या उलट दिशेला ढकला. फिरवायची नाही, नुसती रेटायची. तेवढ्यात ब्लोअर घरघरला, तर तुमचं निदान झालं. मोटर चांगली आहे, रिले चांगला आहे. चावीच्या कुलपाच्या मागे बसलेला प्लास्टिकचा स्विच म्हातारा झालाय.

चावी रेटल्यावर ब्लोअर का सुरू होतो?

हे कळलं की बाकीची लक्षणंही जागच्या जागी बसतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

जर्मन गाड्यांत तारांच्या टोकांना आकडे असतात. डीआयएन ७२५५२ नावाच्या मानकाने ते ठरवून दिलेत, आणि जुनी फोक्सवॅगन असो की पोर्शे, अर्थ तोच. ३० म्हणजे बॅटरीतून थेट येणारी, कायम जिवंत तार. १५ म्हणजे चावी 'ऑन'वर आली की जिवंत होणारी. इंजिनाचा संगणक, इंधनपंप, कॉइल हे सगळं तिच्या भरवशावर. ५० म्हणजे फक्त सेल मारताना जिवंत होणारी, स्टार्टरकडे जाणारी. शिवाय एक 'एक्स' असते. सगळी गंमत तिथे आहे.

सेल मारताना स्टार्टर बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढतो. त्या क्षणी ब्लोअर, एसी, मागच्या काचेचा हीटर यांनी वाटेकरी होऊ नये म्हणून एक्सवरचा भार स्विच त्या दोन-तीन सेकंदांपुरता तोडून टाकतो. चावी सोडली की स्विचातली स्प्रिंग तिला स्टार्टवरून ऑनवर परत आणते आणि एक्स पुन्हा जोडली जाते. आता स्प्रिंग थकली, आतलं ग्रीस वाळून चिकट झालं किंवा प्लास्टिकचा फिरता भाग झिजला, तर चावी पूर्ण परत येत नाही. ती मधेच कुठेतरी थांबते. तिथे ५० सुटलेली असते म्हणून स्टार्टर थांबतो, १५ लागलेली असते म्हणून इंजिन चालतं, पण एक्स अजून जुळलेली नसते. इंजिन ठणठणीत आणि ब्लोअर मेलेला, हे कोडं एवढंच आहे. रस्त्यात खड्डा आला, धक्का बसला, चावी मिलिमीटरभर मागे सरकली की सगळं 'आपोआप' सुरू.

हीच झीज पुढे वाढली तर दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही वाईट. पहिली, चावी फारच पुढे अडकली तर ५० सुटतच नाही. इंजिन चालू आणि स्टार्टर अजून फिरतोय. मागून किरकिर, शीळ घातल्यासारखा आवाज येतो. असा आवाज आला तर विचार करत बसू नका, चावी हाताने मागे घ्या, नाहीतर स्टार्टर जळतो. दुसरी, १५ चा संपर्क खराब झाला तर गाडी चालता चालता बंद पडते. चावी कुलपात असेपर्यंत स्टीअरिंगचं लॉक पडत नाही, ही जमेची बाजू. पण पॉवर स्टीअरिंग जातं, ब्रेकमागचा व्हॅक्यूमही एक-दोन दाबांत संपतो, आणि महामार्गावर ताशी सव्वाशेच्या वेगात ही अवस्था कोणाला नको. ब्लोअरपुरती तक्रार आहे म्हणून वर्ष-वर्ष चावी रेटत गाडी चालवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही.

चावी कुलपातून निघत नाही, ही तिसरी तक्रार. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ती बहुधा याच भागाकडे बोट दाखवते, कारण आतला तुकडा शून्यावर पूर्ण परत आलेला नसतो. टिपट्रॉनिक, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअर असेल तर आधी बघा, लिव्हर खरोखर 'पी'त, म्हणजे पार्किंगवर आहे का. त्या गाड्यांत लिव्हर पीत नसेल तर चावी अडवूनच ठेवलेली असते.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. एकदा सेल मारून इंजिन चालू झालं नाही, तर चावी पूर्ण मागे नेल्याशिवाय दुसऱ्यांदा सेल मारता येत नाही. ती मुद्दाम केलेली सोय आहे, चालू इंजिनावर चुकून सेल मारला जाऊ नये म्हणून.

काय असू शकतं, जे स्विच नाही

ब्लोअर कधीच फिरत नसेल, चावी कशीही रेटली तरी, तर स्विच बाजूला ठेवा. मोटर, तिचा रेझिस्टर, फ्यूज यांच्याकडे जा. ब्लोअर फक्त एकाच वेगावर चालत असेल तर रेझिस्टर.

सेलच लागत नसेल तर आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असावेत; १२.२ च्या खाली असतील तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी चार्ज करा. अमेरिकेतल्या मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल लागत नाही, आणि त्या पेडलवरचा छोटा स्विचही म्हातारा होतो. दुसरी चावी असेल तर तिने करून बघा. इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, चावीतली चिप ओळखू येत नसेल तरीही गाडी गप्पच राहते. दुसऱ्या चावीने झटकन चालू झाली तर स्विचाला बोल लावू नका.

सेल मंद, रडतखडत लागत असेल, विशेषतः इंजिन गरम असताना, तर तारेकडे बघा. या गाड्यांत बॅटरी नाकाशी आणि इंजिन पाठीशी आहे, म्हणून स्टार्टरपर्यंतची जाड तार भलती लांब. तिची मागची टोकं गंजतात. ते वेगळं काम आहे, आणि नवा इग्निशन स्विच घालून त्यात काडीचाही फरक पडत नाही.

९९६ वाल्यांसाठी एक. डॅशवरचा व्होल्टमीटर खऱ्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो, ही त्या गाडीची खोड आहे. काटा खाली दिसला म्हणून घाबरू नका, बॅटरीवर मल्टिमीटर लावून बघा.

मल्टिमीटर हातात आहेच तर अजून एक चाचणी करता येते. चावी ऑनवर ठेवून चावीवर चालणाऱ्या एखाद्या फ्यूजचा व्होल्टेज बॅटरीच्या प्लसशी ताडून बघा. मधे अर्ध्या व्होल्टच्या वर घट दिसत असेल तर वाटेत कुठेतरी संपर्क खराब आहे. मग मीटर तसाच लावून ठेवून चावी किंचित हलवा. आकडा नाचला तर वाट सापडली. एबीएस किंवा पीएसएमचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लागून चावी बंद-चालू केल्यावर जात असेल, तर ही चाचणी नक्की करा. या यंत्रणांना कमी व्होल्टेज अजिबात खपत नाही.

पार्ट कोणता घ्यायचा

इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. काउंटरवर 'इग्निशन स्विच' मागितला की अनेकदा सबंध जुडणी पुढे येते: कुलूप, स्टीअरिंग लॉक, मागचा स्विच, सगळं एकत्र. ते महाग, आणि बसवायला दिवसाचं काम. तुम्हाला हवा आहे फक्त मागचा विजेचा भाग, काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा गट्टू.

तो गट्टू पोर्शेसाठी वेगळा घडवलेला नाही. नव्वदच्या दशकातल्या आउडींमध्ये हाच बसतो, आणि त्यांचा क्रमांक ४ए० ९०५ ८४९ बी. आउडी किंवा फोक्सवॅगनच्या काउंटरवर या क्रमांकाने मागा. सबंध जुडणीच्या मानाने किंमत अगदी किरकोळ. याच्या जवळपासच्या क्रमांकांचे, वरवर तसेच दिसणारे स्विच पुढच्या वर्षांच्या आउडींना आहेत. त्यांची मागची जोडणी वेगळी असते. म्हणून क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या आणि शक्य असेल तर जुना काढून हातात घेऊनच जा.

अगदी स्वस्तातले नकली तुकडेही मिळतात. माझं मत विचाराल तर या एका पार्टवर काटकसर नको. काम मान वाकडी करून, हात सोलून करायचं आहे. ते वर्षभरात पुन्हा करण्यात काय अर्थ? नवा स्विच घरी आणला की बसवण्याआधी त्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवून बघा. शेवटच्या टप्प्यावरून, म्हणजे स्टार्टवरून, तो टक् करून स्वतः मागे आला पाहिजे. हातात रेंगाळणारा स्विच गाडीत सुधारत नाही.

इमोबिलायझरची काळजी करू नका. चिप चावीत आहे, तिला वाचणारं कडं कुलपाच्या तोंडाभोवती आहे, आणि आपण बदलतोय तो तुकडा कुलपाच्या पाठीमागे. कोडिंग नाही, डीलरकडची वारी नाही, चावीही जुनीच.

सुरुवात करण्यापूर्वी

रेडिओचा कोड शोधून ठेवा. मूळ रेडिओ असेल तर बॅटरी सोडल्यावर तो कोड मागतो, आणि कोडचं कार्ड पहिल्या मालकाच्या खणात राहिलेलं असतं, हा आजवरचा अनुभव.

दाराची काच खाली घ्या. या गाड्यांत दाराच्या काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच विजेवर बोटभर खाली उतरते आणि बंद केल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी सोडल्यावर ती उतरणार नाही, आणि तुम्ही दार उघडझाक करत राहिलात तर काच आणि वरचं रबर एकमेकांना घासत राहतील.

समोरचं झाकण उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत कोणाला बंद करू देऊ नका. पुढच्या वर्षांच्या गाड्यांत ते विजेवर उघडतं, आणि बॅटरी आहे त्याच्याच आत. मुलं घरात असतील तर त्यांना आधीच बजावा. बंद झालंच तर फ्यूजपेटीतून बाहेरची वीज देऊन उघडता येतं, पण तो उपद्व्याप कशाला.

मग बॅटरीवरचं प्लास्टिकचं झाकण काढून १० नंबरच्या पान्याने मायनस सोडा आणि टोक बाजूला बांधून ठेवा. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिच्या आसपास हात जाणार, म्हणून काही मिनिटं थांबा. त्यानंतरही एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावायचं आपल्याला काहीच कारण नाही. लावूही नका.

अमेरिकेत असाल आणि प्रदूषण चाचणी तोंडावर असेल तर हे काम चाचणीनंतर करा. बॅटरी सोडली की संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पुसल्या जातात आणि थोडे दिवस गाडी चालवल्याशिवाय त्या भरत नाहीत.

हत्यारं थोडीच लागतात. कपाळावर बांधायचा दिवा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, आणि दोन-अडीच मिलिमीटर पात्याचे सपाट स्क्रू ड्रायव्हर, एक लांब आणि एक अगदी आखूड. आखूड खरोखर आखूड हवा. अनेकजण घरात पडलेल्या जुन्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ कापून तसा करतात, आणि ते शहाणपणाचं आहे. शिवाय एक टोकदार सुई आणि नखांचं पॉलिश. ते कशाला, ते पुढे.

प्रत्यक्ष काम

डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत चावी स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, दाराकडे. ल मांच्या शर्यतीत चालक पळत येऊन गाडीत बसायचे तेव्हा डाव्या हाताने सेल आणि उजव्याने गिअर, असा वेळ वाचावा म्हणून ही जागा, असं सांगतात. धावत येऊन सुरुवात करायची ती पद्धत १९६९ नंतर बंद झाली. चावी तिथेच राहिली. इंग्लंडातल्या गाड्यांत ती उजवीकडे, म्हणजे तिथेही दाराकडेच. खालची डावी-उजवी त्याप्रमाणे उलटी वाचा.

सीट पूर्ण मागे. पाय बाहेर, पाठ दाराच्या उंबऱ्यावर, डोकं पेडलजवळ, असं आडवं व्हायचं आहे. उंबऱ्याखाली जुनी उशी घ्या. चाळिशी उलटली असेल तर दोन घ्या.

वर बघितलंत की डॅशखाली, बाजूच्या झरोक्याकडे हवा नेणारी प्लास्टिकची नळी दिसेल. ती आपल्या वाटेत आहे. टोकाशी धरून हळूहळू हलवत ओढली की निघते. थंडीत हे प्लास्टिक काचेसारखं तडकतं, म्हणून गाडी थंडगार असेल तर आधी आतून थोडी उबदार होऊ द्या. नळी निघाली की कुलपाची पाठ आणि तिला लावलेली तारांची जोडणी समोर येते.

जोडणी सरळ मागे ओढायची. तारांना धरून नव्हे, तिच्या अंगाला धरून. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती घट्ट बसलेली असते, डावी-उजवी किंचित डुलवत काढा. निघाली की आत टॉर्च मारून बघा. जोडणीतली एखादी धातूची पट्टी काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळल्यासारखं असेल, तर नुसता स्विच बदलून भागणार नाही. ढिल्या पट्टीमुळे तिथे उष्णता होते, आणि ती नव्या स्विचालाही वर्षभरात खाईल. ती पट्टी नीट आवळून घ्यावी लागेल किंवा तेवढी जोडणी बदलावी लागेल.

आता स्विच स्वतः. त्याला दोन इवलेसे स्क्रू धरून ठेवतात. डोकं नसलेले, अंगात घुसलेले, आणि कारखान्यातून वरून रंगाचा ठिपका दिलेला. तो ठिपका म्हणजे खूणही आहे आणि स्क्रू सुटू नये म्हणून लावलेला लॉकही. एक स्क्रू समोर दिसतो. दुसरा पलीकडच्या अंगाला, आरशाशिवाय दिसत नाही. या कामात जे काही कष्ट आहेत ते या दुसऱ्या स्क्रूपाशी आहेत.

आधी सुईने दोन्ही ठिपके खरवडून खाच पूर्ण मोकळी करा. हे टाळलंत तर पातं खाचेत बसत नाही, निसटतं, आणि खाचेच्या कडा बोथट होतात. खाच एकदा गेली की मग सबंध जुडणी उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. ठिपका कोरडा आणि चिवट असेल तर कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोनचा एक थेंब; जास्त नको, आसपास प्लास्टिक आहे.

स्क्रू पूर्ण काढायचे नाहीत. काही फेरे सैल करायचे, इतकेच की स्विच सुटेल. पूर्ण काढलेत तर एक नक्की खाली पडणार, गालिच्याच्या मागे कुठेतरी जाणार, आणि तसा स्क्रू वाण्याकडे मिळत नाही. आखूड स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या स्क्रूवर आणताना डोळ्यांनी नव्हे, बोटांनी काम करा. डाव्या हाताची तर्जनी खाचेवर ठेवा, उजव्या हाताने पातं त्या बोटाच्या कडेने सरकवत आणा. आरशात बघत फिरवायला गेलात तर हात उलटाच जातो. आरसा फक्त जागा पाहून घ्यायला, फिरवताना बाजूला ठेवा.

दोन्ही सैल झाले की स्विच सरळ मागे येतो. निघत नसेल तर ओढाताण करू नका. दुसरा स्क्रू अजून पुरेसा सुटलेला नाही.

चावी या सगळ्यात बंद स्थितीत राहिली पाहिजे. स्विच बाहेर असताना ती फिरवू नका. जुना स्विच बाहेर येताच त्याची मधली खाच कोणत्या कोनात आहे ते बघा, फोटो काढा, आणि नव्याची खाच स्क्रू ड्रायव्हरने नेमकी त्याच कोनात आणा. कुलपातून येणारी जिभली या खाचेत बसते. कोन जुळला तर नवा स्विच बोटाच्या दाबाने आत जाऊन अंगाला अंग टेकतो. थोडी फट राहत असेल तर कोन चुकला आहे. स्क्रू आवळून फट मिटवायला गेलात तर नवा तुकडा पहिल्याच दिवशी चिरेल.

पूर्ण बसला की दोन्ही स्क्रू आवळा, पण दोन बोटांच्या जोराने. खाली प्लास्टिक आहे. मग प्रत्येकावर नखांच्या पॉलिशचा एक ठिपका, कारखान्याच्या रंगाऐवजी. थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं द्रव, नको; काही जातीची थ्रेडलॉकर प्लास्टिकला तडे पाडतात. जोडणी टक् आवाज येईपर्यंत आत सारा.

हवेची नळी अजून लावू नका.

तपासणी

मायनस जोडा. चावी फिरवून ऑनवर आणा, ब्लोअर लावा, रेडिओ लावा. मग सेल मारून चावी सोडा आणि कान व डोळे चावीवर ठेवा. ती ठामपणे, एका झटक्यात मागे आली पाहिजे. ब्लोअर सेल मारताना थांबून लगेच परत सुरू झाला पाहिजे. थांबला म्हणून दचकू नका, ती एक्स. हे इंजिन गरम होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. बंद करून चावी काढा, स्टीअरिंग फिरवून लॉक पडतं का बघा, चावी घालून सुटतं का बघा. चावी अडली तर स्टीअरिंगला थोडा हिसका द्या. चाकं वळलेली असतील तर लॉकच्या खुंटीवर ताण येतो, त्याचा या कामाशी संबंध नाही.

सगळं बरोबर असेल तर नळी लावा. काचा पूर्ण वर नेऊन बटण आणखी क्षणभर वर धरा, म्हणजे त्यांना आपली वरची मर्यादा पुन्हा कळते. हे केलं नाही तर दार उघडताना त्या बोटभर उतरत नाहीत. रेडिओचा कोड घाला, घड्याळ लावा. पहिल्या काही मिनिटांत इंजिन उभ्या जागी थोडं वरखाली करेल, संगणक पुन्हा शिकतोय.

तक्रार परत आली तर

नवा, चांगल्या प्रतीचा स्विच घालूनही चावी रेंगाळत असेल तर दोष पुढे, कुलपात आहे. ओळखायची रीत सोपी आहे. स्विच काढलेला असतानाच कुलपाची जिभली बघा. तिच्या कडा गोल झाल्या असतील किंवा ती बोटाने हलवून खुळखुळत असेल, तर चावीचं वळण स्विचापर्यंत पूर्ण पोचतच नाही. चावी आत घालताना अडणं, घातल्यावर ढकलून-ओढून मगच फिरणं, हीसुद्धा कुलपाचीच लक्षणं. चावीच बोथट झाली असेल तर दुसऱ्या, कमी वापरलेल्या चावीने फरक दिसेल. कुलपात तेल ओतू नका. तेल धूळ धरतं आणि तिचा चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी किंवा कुलपासाठीचा कोरडा फवारा वापरा, तोही चिमूटभर.

दुसरं, चाव्यांचा जुडगा. घर, ऑफिस, सायकल, तळघर, वर एक पितळी गणपती, असं सगळं एका कड्यात लटकत असेल तर ते वजन चावीला रस्ताभर खाली ओढत असतं. याची भयंकर बाजू जगाने २०१४ साली पाहिली. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांतला इग्निशन स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी 'रन'वरून घसरायची, इंजिन बंद पडायचं आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईच्या प्रक्रियेत १२४ मृत्यू मान्य झाले. त्या यादीत पॉन्टिअॅक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या दोन छोट्या स्पोर्ट्‌स गाड्याही होत्या. आपल्या गाडीतला दोष तो नाही, यंत्ररचनाही वेगळी. पण गाडीची चावी एकटीच ठेवावी हे तिथून शिकण्यासारखं आहे.

कुलूपच गेलं असेल तर सबंध जुडणी उतरवावी लागते. ती डॅशच्या आतल्या चौकटीला अशा बोल्टांनी धरलेली असते की आवळताना त्यांची डोकी तुटून पडतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते बोल्ट ड्रिल करून किंवा छिन्नीने ठोकून फिरवत काढावे लागतात, आणि नवे घालताना नवीनच लागतात. जागा तीच, अरुंद. हे काम मी घरी करा असं सांगणार नाही. ज्याने आधी केलंय अशा माणसाकडे द्या. देताना एवढं मात्र सांगा की कुलपाचा जुना सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात जाते तो भाग, नव्या जुडणीत घालून पाहिजे. चावी ठरावीक स्थितीत आणून छोट्या भोकातून तार दाबली की सिलिंडर बाहेर येतो आणि नव्या घरात बसतो. तसं केलं तर दारं, डिकी आणि इग्निशनला एकच चावी राहते. नाहीतर खिशात दोन चाव्या घेऊन फिरावं लागतं, आणि अंधारात नेहमी चुकीचीच हाताला लागते.